मोतीबाईनं टीव्हीला दिलेली ओ

कशेळ्याच्या अलीकडं, पेज नदीच्या काठाला जांभळेवाडी म्हणून गाव आहे. त्या गावात दिवेलागणीनंतर तुम्ही कुणाच्या दाराशी गेलात आणि एकदाच हाक मारलीत, तर राहा उभे तिथंच, पाय दुखेस्तोवर. दार उघडायचं नाही. दुसरी मारलीत तरी नाही. आत माणसं असतील, कौलांतून धूर निघत असेल, तुमचा आवाज सख्ख्या भावाचा असेल, तरी नाही. तिसऱ्या हाकेला मात्र कडी निघते. जे माणूस नसतं त्याच्याकडं दोनच हाका असतात, तिसरी त्याला येतच नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तिथली माणसं हाका मारतातच मुळी एका दमात तीन. "धोंडे, धोंडे, गं धोंडे!" कर्जतच्या बाजारात अशी हाक ऐकली की दुकानदार हसतात, आली म्हणतात जांभळेवाडी. हसा बापड्यांनो, हसा. तुमच्या दाराशी कुणी आलं नाही अजून, म्हणून हसताय.

मोतीबाई या गावात सून म्हणून आली ती नेरळकडून. रंगानं सावळी, अंगानं काटक, आणि बोलायला अशी की पाटलाला पाटलाच्या तोंडावर सुनावेल. भाताच्या लावणीला तिच्या शेजारी उभं राहायला बायका कचरायच्या, कारण हिचा हात जसा चालायचा तसंच तोंडही चालायचं. नवरा हिरू खोपोलीला एका कारखान्यात होता. शिळफाट्याला चौघांत मिळून एक खोली, शनिवारी गावाला यायचं, सोमवारी पहाटे परत. घरात मोतीबाई आणि सासू भागूबाई. सासरा कधीच गेलेला. सासूसुनेचं पटायचं का म्हणाल, तर कडाकडा भांडायच्या आणि मग एकाच ताटात जेवायच्या. पटणं म्हणजे आणखी काय असतं?

सदुसष्ट साली त्या कारखान्यात संप झाला. हिरू संपात पुढं होता. पुढं म्हणजे पुढारीबिढारी नव्हे, पण तो बोलायला उभा राहिला की माणसं ऐकायची. संप लांबला, चिघळला, आणि एके दिवशी फाटकापाशी मारामारी होऊन ठेकेदाराच्या माणसाचं डोकं फुटलं. नाव हिरूचं घेतलं गेलं. त्यानंच मारलं की आणखी कुणी, देव जाणे. हिरू खोलीवरून नाहीसा झाला तो झालाच. ठेकेदाराची माणसं त्याला शोधत गावोगाव फिरायला लागली. पलीकडच्या गावात एका संपकऱ्याच्या बायकोला त्यांनी भर अंगणात ओढून बडवलं, नवरा कुठं हाय सांग म्हणून. मोतीबाईला तेव्हा सातवा महिना होता.

माघातली तिन्हीसांज होती. दिवा लावून झाला होता, दोन्ही दारांना कड्या होत्या. परसदाराच्या बाहेरून आवाज आला, "मोते."

मोतीबाई ताडकन उठली. हिरूचाच आवाज. त्या घरात तिला मोते म्हणणारी दोनच माणसं, आणि त्यातलं एक तिच्या शेजारी बसलं होतं. ती दाराकडं धावणार, तोच सासूनं तिचं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली.

"दोन हाकांना ओ देऊ नको," भागूबाई कुजबुजली.

"मोते," पुन्हा आवाज आला. आधीपेक्षा हळू.

सासू उठून परसाच्या झरोक्यापाशी जाऊन उभी राहिली. मोतीबाई जागच्या जागी, हात कडीच्या दिशेला, तिसऱ्या हाकेची वाट बघत. पोटातलं पोर लाथा मारत होतं. बाहेर कुत्रं भुंकलं, परसातली पानं वाजली, आणि मग काहीच नाही. तिसरी हाक आली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

"तो हिरू नव्हता," भागूबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. "माझं पोर मला वळखू येत नाय व्हय? ह्या गावचा जन्म त्याचा. तो तीन हाका मारल्याबिगर राह्यला असता?"

आता हे बोलणं कुठं खोडून काढणार? गावानंही मान डोलावली. पण हिरू त्यानंतर कुणाला दिसला नाही. कुणी म्हणालं कल्याणला बघितला, कुणी म्हणालं भीमाशंकरच्या रानात साधू झालाय. मोतीबाई ऐकून घ्यायची. तिच्या डोक्यात एकच भुंगा होता, आणि तो वीस वर्षं गुणगुणत राहिला. दाराशी आलं ते जर दुसरंच काही होतं, तर तिनं केलं ते बरोबर, आणि हिरू कुठंतरी जिता आहे. आणि तो जर हिरूच होता, तर जीव वाचवायला घरी आलेल्या माणसाला बायकोनं दार उघडलं नाही. तिच्या तोंडाचा पट्टा तेव्हाच बंद पडला. मुलगी झाली, जया. वाढली, नेरळला दिली. लग्नाच्या पत्रिकेत बापाच्या नावामागं 'कैलासवासी' लावायचं की नाही, यावर भावकी तासभर भांडली. मोतीबाई म्हणाली, "नुसतं नाव लिवा." कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नव्हतं. ते ती रोज लावायची, पण आरशात न बघता.

शहाऐंशी सालात गावच्या समाजमंदिरात टीव्ही आला. काळापांढराच, पण लाकडी कपाटात, कुलूपबंद. किल्ली पोशाकडं. हा पोशा ऐन उमेदीत चार वर्षं मुंबईच्या गिरणीत काढून आलेला, त्यामुळं हिंदीतला गावचा अधिकारी माणूस. टीव्हीवर काही हिंदीत चाललं की पोशा उभ्या उभ्या मराठीत सांगायचा, आणि त्याला नाही समजलं तिथं स्वतःच्या मनचं घालायचा. पहिल्या दिवशी नारळ फोडला, बायकांनी कपाटाला हळदकुंकू वाहिलं. चपला बाहेर काढून बसायचं, ही शिस्त कुणी न सांगताच लागली.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर एक मालिका लागायची. आभाळातल्या कुठल्याशा ग्रहावरची. तिथं खाणी, खाणीत राबणारी माणसं, आणि वर तरंगत्या शहरात त्यांचे मालक. त्या ग्रहावर हवा नाही. मालक खालच्यांना हवा मापून देणार, जेवढी खणाल तेवढी. पहिल्या दिवशी गाव खदाखदा हसलं. माणसं लोखंडाचे डगले घालून फुगलेल्या बेडकासारखी चालत होती.

"ना झाड, ना ढोर, ना पाखरू," धोंडूबाई म्हणाली. मोतीबाईची ही शेजारीण, तोंडानं फटकळ पण मनानं बरी. "ह्या असल्या ओसाडीत कोन राह्यला गेलंय?"

"अगं, कथा हाय ती," पोशा म्हणाला.

"मंग कथेत तरी एक गाय ठेवायची!"

पण हवेचं माप गावाच्या जिव्हारी लागलं. तिसऱ्या गुरुवारी एका म्हाताऱ्या खाणकामगाराची हवा तोडली आणि बघता बघता हसणं थांबलं. खालच्या माणसांनी बंड केलं, अवजारं टाकली, तेव्हा समाजमंदिरात टाळ्या पडल्या. बंडवाल्यांचा जो म्होरक्या, त्याचं नाव अवघड, म्हणून गावानं त्याला लोखंड्या म्हणायला सुरुवात केली. त्याची बायको नीला. मोतीबाई मागं भिंतीला टेकून बसायची, काही बोलायची नाही. लोखंड्या बोलायला उभा राहिला की तिची मान पुढं व्हायची. धोंडूबाईनं ते बघितलं आणि पहिल्यांदाच गप्प बसली.

मग तो गुरुवार आला. बंड फसलं होतं. मालकांचे शिपाई घरोघर शोध घेत होते. नीला तिच्या कोठडीत एकटी, दार आतून बंद. पोशा सांगत होता, "मालकांनी आता येक यंत्र केलंय. ते कुनाच्यापन आवाजात बोलतंय. म्हनून बंडवाल्यांनी ठरवलंय, नुसत्या आवाजाला दार उघडायचं नाय. दारावर खूण वाजवली तरच उघडायचं."

"म्हंजे आपलंच की!" कुणीतरी म्हणालं. "दोन हाकांचं!"

सगळे हसले. आणि मग एकेकाचं हसू विरलं, कारण एकेकाला आठवलं की मागं भिंतीशी कोण बसलंय.

पडद्यावर दाराबाहेरून आवाज आला. "नीला."

लोखंड्याचाच आवाज. थकलेला, धापा टाकणारा. नीला दाराशी धावली, थांबली, खुणेची वाट बघत राहिली. खूण वाजली नाही. बाहेर कोण आहे ते काही दाखवत नव्हते, मेले. समाजमंदिर पेटून उठलं.

"उघड गं बायो, त्योच हाय!"

"नको उघडू! यंत्र हाय यंत्र!"

"अरं, त्याची हवा संपली आसंल, हात वर व्हत नसंल, खूण कशी वाजवंल?"

ऐन वेळी वीज मंद झाली. चित्र आक्रसत आक्रसत मधोमध आलं आणि विझलं. आवाज तेवढा राहिला. अंधाऱ्या समाजमंदिरात, खरखरीच्या मागून, कुणीतरी लांबून, फार लांबून बोलल्यासारखा आवाज आला. "नीला..."

"ओ!" मोतीबाई म्हणाली.

म्हणाली कसली, ओरडली. वीस वर्षं घशात अडकलेली ओ होती ती. कुणी मागं वळून बघेना. पोशानं हात लांब करून टीव्ही बंद केला, पुढं काही ऐकायची कुणाची छाती नव्हती. त्या आठवड्याचा भाग तिथंच संपत होता, हे दुसऱ्या दिवशी कशेळ्याच्या चहावाल्यानं सांगितलं. नीलानं दार उघडलं की नाही ते पुढच्या गुरुवारी.

तो आठवडा गावात दुसरा विषय नव्हता. विहिरीवर, पारावर, पिठाच्या गिरणीत सगळीकडं एकच. उघडणार, नाही उघडणार. मोतीबाई आली की बोलणं बंद. घागर भरायची, निघून जायची. घरी ती परसदाराशी जाऊन उभी राहायची, कडीवर हात ठेवायची, काढायची. उन्हं कलली की तिला आवाज यायचे. कौलावर मांजर चाललं तरी ती कडीकडं धावायची. एकदा तिनं परसात जाऊन बाहेरून आपलीच हाक मारून बघितली, "मोते," म्हणून, आवाज आत कसा येतो ते कळायला. आत भागूबाई होती, ऐंशीच्या घरातली, वाकलेली. तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"त्या खोक्याकडं जाऊ नको ह्या गुरवारी," भागूबाई म्हणाली.

"मला बघायचंय, आय."

"काय बघायचंय? खोटं हाय ते समदं. रंगवलेली मानसं."

"खोटं तर खोटं. पन त्यांना ठावं हाय भायेर कोन व्हतं," मोतीबाई म्हणाली. "मला कुनी सांगितलंच नाय."

भागूबाईनं तोंड फिरवलं. तुम्हीआम्ही हसू, टीव्हीतल्या नटांकडून कुणी आपल्या घरचा न्याय मागतं का म्हणून. पण ज्याला वीस वर्षं कुणीच न्याय दिला नाही, ते माणूस दगडाकडंही मागेल. मोतीबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. लोखंड्या असेल तर हिरू होता. यंत्र असेल तर हिरू नव्हता.

गुरुवारी समाजमंदिरात मुंगी शिरायला जागा नव्हती. मागल्या भिंतीची जागा मात्र मोकळी ठेवली होती. मोतीबाई आली आणि तिच्या पाठोपाठ, काठी टेकत, भागूबाई आली. ती आजवर टीव्हीला कधी आली नव्हती. तिला बसायला पोतं दिलं. पोशा आज उगाच घसा खाकरत होता.

नीला दाराशी उभी. बाहेरून हाक. नीला रडत होती, कपाळ दाराला टेकत होती. आणि मग तिनं दार उघडलं.

बाहेर शिपाई होते. त्यांच्या हातात एक छोटी पेटी, आणि ती पेटी लोखंड्याच्या आवाजात अजून बोलतच होती. "नीला... नीला..." पुढचं बायकांनी पदराआडून बघितलं. शिपायांनी तिला नेलं, आणि तिच्याकडून काढून घेतलेल्या ठावठिकाण्यावरून शेवटी लोखंड्यालाही धरलं.

पोशानं सांगायचंच सोडून दिलं. गरजही नव्हती. मग धोंडूबाई उठली, मोतीबाईपाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघितलंस ना गं? यंत्र व्हतं. तू उघडलं नाय ते बेस केलंस. उघडलं आसतंस तर तू गेली आसतीस, जया गेली आसती, समदं गेलं आसतं." बायका पुढं झाल्या, कुणी पाठीवर हात फिरवला, कुणी डोळे पुसले. इतकी वर्षं जे बोलायची कुणाची हिंमत झाली नव्हती ते एका खोट्या गोष्टीच्या आडोशानं भडाभडा बोलून घेतलं गावानं.

मोतीबाई हसली. खरंच सांगतो, हसली. ती घरी जाताना धोंडूबाईशी बोलत होती, हातवारे करत, जुन्या मोतीबाईसारखी. यंदा देवीला खण नारळ न्यायचा म्हणाली, नेरळला जयाकडं चार दिवस जाऊन राहायचं म्हणाली. हिरू कुठं असेल तिथं सुखी असू दे म्हणाली. मागून भागूबाईची काठी टक टक येत होती.

घरात आल्यावर मोतीबाईनं दिवा लावला आणि सासूच्या पुढ्यात बसली. वाकून तिनं भागूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आय, तू माझा हात धरलास म्हनून मी वाचले. माझी जया वाचली. मी येडी, इतकी वर्सं तुझ्यावर मनात राग धरून व्हते."

भागूबाईनं पाय मागं ओढून घेतले, विस्तवावर पडल्यासारखे.

"पाया नको पडू," ती म्हणाली. "पाया नको पडू माझ्या."

"आगं, का पन?"

म्हातारीनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हिरूच व्हता तो."

मोतीबाईला कळलंच नाही आधी. कळलं तेव्हा तिनं डोकं वर केलं.

"पयल्याच हाकेला वळखला मी," भागूबाई म्हणाली. "झरोक्यातनं बघितला. शेवग्याखाली हुबा व्हता. मागं, वढ्याच्या अंगाला, बॅटऱ्या दिसल्या. चार की पाच जणं. त्यांनी त्याला बघितला नव्हता अजून. दार उघडलं आसतं तर उजेडात दिसला आसता, आनि ते घरात शिरले आसते. तू पोटुशी. त्या बाईला कशी मारली ती मला म्हाईत व्हतं. त्यानं तिसऱ्या हाकेला तोंड उघडलं. मी झरोक्यातनं हात हलवला. जा म्हनून. जा रं, म्हनून. त्याला दिसला हात. त्यानं तोंड मिटलं आनि गेला नदीकडं."

दिव्याची वात फडफडली. भागूबाई बोलत राहिली, आता थांबवली तरी ती थांबली नसती. "मला वाटलं, येईल दोन दिसांनी. बॅटऱ्या गेल्या की येईल. रोज वाटायचं, आज येईल. तुला काय सांगू, तुला सांगितलं तर तू धावशील रानात, तसल्या पोटानं. मंग जया झाली. मंग सांगायचं राह्यलं. मंग सांगताच येईना. माझ्या हातानं परतवून लावला गं मी त्याला. माझ्या हातानं."

मोतीबाई रडली नाही. ओरडली नाही. सासूच्या अंगावर धावून गेली असती तरी कुणी तिला बोल लावला नसता. तिनं एकच गोष्ट विचारली. वीस वर्षांत तिला हे विचारायला माणूस मिळालं नव्हतं, कारण त्या तिन्हीसांजेला त्याला डोळ्यांनी बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

"आय," ती म्हणाली, "भ्यालेला व्हता का गं?"

भागूबाईनं मान हलवली.

"नाय," ती म्हणाली. "उपाशी व्हता."